खांदा देणारे

मालेगाव कॅम्प

चि. सोनूस,


तुझं पत्र पोचलं. रविवारी सेमिनरीतून ज्या वस्तीवर तुला पाठवतात तिथे जेमतेम दहा-बारा माणसं येतात, निम्म्यांना अक्षरओळख नाही, ‘इथे माझ्या शिक्षणाचा काय उपयोग?’ असं तू विचारतोस. हा प्रश्न मला फार लागला. उत्तर म्हणून एक गोष्ट सांगते.

नाशिकच्या शरणपूर रोडवरून तू कितीदा गेला असशील. 1854च्या सुमारास चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी तिथे ख्रिस्ती वस्ती वसवली. इंग्रजांचं आरमार समुद्रात गुलामांची गलबतं पकडी. सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली कित्येक शरणपूरला येत. आईबाप हरवलेले, बोली कुणाला कळेना, नावसुद्धा दुसऱ्यानं ठेवलेलं. ती तिथे लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. पुढे तो आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी-संशोधकाच्या सोबत्यांत सामील झाला.

मे 1873मध्ये लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारले. जवळ एकही गोरा माणूस नव्हता. होते चुमा, सुसी, जेकब आणि इतर सोबती, त्यांत शरणपूरचे आणखी काही जण. त्यांनी आपसांत ठरवलं की देह मायदेशी पोचवायचा. काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. जेकबनं अंत्यविधीची उपासना वाचली, खोडावर लेख कोरला. देह मीठ लावून उन्हात सुकवला, कापडात आणि सालीत गुंडाळला आणि खांद्यावर घेतला. वाटेत कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. इथेच पुरा, म्हणाला. त्यांनी ऐकलं नाही. पुढे एका गावचे लोक प्रेत नेऊ देईनात, तेव्हा धाटांची मोळी गुंडाळून प्रेत म्हणून माघारी पाठवली आणि खरा देह कापडाच्या गाठीसारखा बांधून पुढे काढला. गाठ कशी बांधतात ते यंत्रमागांच्या मालेगावच्या पोराला सांगायला नको. फेब्रुवारी 1874मध्ये ते समुद्रकिनाऱ्यावर, बागामोयोला पोचले. 18 एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा जेकब शवपेटीसोबत होता. चुमा आणि सुसी मात्र वेळेवर तिथे नव्हते, कारण त्यांना कुणी आणलंच नव्हतं. हे वाचलं की मला अजून राग येतो.

आपण शरणपूरची गोष्ट नेहमी एकाच बाजूनं सांगतो: मिशननं मुलं वाचवली, शिकवली. ते खरंच आहे. पण गुलामी मोडावी म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाला ज्यांनी शेवटी खांदा दिला, त्यांत गुलामीतून सुटलेले होते. सुसीचा तर तेव्हा बाप्तिस्माही झाला नव्हता. तो झाला 1886मध्ये. आपण ज्याची मोजदाद केली नव्हती, त्याच्याकडून देवानं काम करून घेतलं.

नामानाची गोष्ट तू वर्गात शिकला असशीलच. कुष्ठरोग झालेला एवढा मोठा सेनापती, पण अलीशा संदेष्ट्याचा पत्ता त्याला दिला घरातल्या पकडून आणलेल्या पोरीनं. रागावून परत निघाला तेव्हा शहाणपण सांगितलं नोकरांनी. त्या पोरीचं नाव शास्त्रात नाही. नामान बरा झाला, कारण त्यानं खालच्यांचं ऐकलं.

आपल्या मंडळीतली कांड्या भरणारी मावशी तुला आठवते ना? कारखान्यातून सुटली की केसांतली कापसाची तूस न झटकताच ती आजाऱ्याच्या घरी जाते. आधी घरच्यांना जेवायला बसवते, मग प्रार्थना. एक ओळ वाचता येत नाही, स्तोत्रं तोंडपाठ. आमचे पाळक स्वतः आजारी पडले तेव्हा त्यांनी तिलाच बोलावून घेतलं होतं.

म्हणून सांगते, शिकलेलं सोडू नकोस. ग्रीक नीट कर, अभ्यासात कसूर नको. पण वस्तीवर केवळ देणारा म्हणून जाऊ नकोस. त्या दहा-बारा जणांची नावं पाठ कर. उपदेशाआधी त्यांच्यातल्या कुणाला तरी तुझ्यासाठी प्रार्थना करायला सांग आणि डोकं खाली घालून ती पुरी ऐक. त्यांनी देवाजवळ तुझ्यासाठी काय मागितलं, ते मला पुढच्या पत्रात लिही.

तुझी,
आत्या