वावड्याचा विकार : आधी कोणते औषध?



एखादी वस्तू अंगाला न मानवणे म्हणजे वावडे, अर्थात अ‍ॅलर्जी. आपल्या शेतात ते गाजरगवताचे असते. पालघर, बोईसर-तारापूरकडे नोकरीस गेलेल्या आपल्या पोरांना कारखान्यातल्या रंग-रसायनांचे होते. अशा वेळी दुकानातून ‘जालीम’ गोळी आणण्याची घाई होते. औषध किती जालीम हे पाहू नये, त्या विकाराला पहिले कोणते ते पाहावे.

१) कातडी चिघळणे : गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले. त्याने हात, मान, चेहरा खाजून काळवंडतो. पहिला उपाय म्हणजे कारण तोडणे. गवत फुलण्याआधी हातमोजे घालून उपटावे, अंग साबणाने धुवावे. मग डॉक्टर सांगतील ते स्टेरॉइड मलम, सांगतील तितकेच दिवस. गजकर्णाची मिश्र मलमे मनानेच चोळू नयेत.

२) अंगावर पित्त उठणे : आमसुलाच्या पाण्याने थंड वाटते, पण औषध म्हणून पहिली सेट्रिझिनसारखी कमी गुंगीची गोळी. अ‍ॅव्हिलसारख्या जुन्या गोळीने झोप येते. ती घेऊन ट्रॅक्टर चालवू नये.

३) दमा : ‘पंप म्हणजे शेवटचे औषध’ हा गैरसमज आहे. पंपातले स्टेरॉइड अगदी थोडे असते व थेट श्वासनळीत जाऊन सूज उतरवते. तेच गोळीतून रोज घेतले तर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. कामावर छाती भरते अन् सुट्टीला मोकळी होते, असे असल्यास कामगाराने डॉक्टरांना कामाचे स्वरूप जरूर सांगावे.

४) जिवावरचा प्रसंग : मधमाशी चावल्यावर, इंजेक्शन किंवा एखादा पदार्थ घेतल्यावर काही मिनिटांत धाप लागली, घसा आवळला, चक्कर आली, तर पहिले औषध एकच : मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत अ‍ॅड्रेनलिन. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम. गुण न आल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. गोळी किंवा स्टेरॉइडचे इंजेक्शन मागाहून; त्यांना गुण यायला वेळ लागतो, तेवढा वेळ हाती नसतो. रोग्यास आडवे करून पाय उंच ठेवावेत. धाप असेल तर बसवावे, पण चालवू नये. १०८ ला फोन करावा.

तोडणीच्या हंगामात फडात आग्या मोहोळ उठते. जवळच्या आरोग्य केंद्रात अ‍ॅड्रेनलिन आहे ना, याची चौकशी प्रत्येक गटाने आधीच करून ठेवावी. यात हयगय नको.