हजार पुस्तकांचा हिशेब

आपण इंजिनिअर (होऊ घातलेले का होईना!), तेव्हा सुरुवात आकडेमोडीनेच करू. रोज झोपण्यापूर्वी १५ पानं वाचायची. परीक्षा, घरची लग्नं, आजारपण वजा करून वर्षाचे ३०० दिवस धरा. झाली ४५०० पानं. पुस्तक सरासरी २२५ पानांचं धरलं तर वर्षाला २० पुस्तकं. विसाव्या वर्षापासून सत्तरीपर्यंत हा नेम अजिबात न चुकवता पाळला, तरी आयुष्यभरात १००० पुस्तकं. बस्स! कॉलेजच्या चार वर्षांत तर फक्त ८०.

म्हणजे ‘किती वाचावं?’ हा प्रश्न निकालात निघाला. खरा प्रश्न आहे, ‘काय वाचावं?’ आणि त्याहूनही अवघड, ‘ते ठरवायचं कोणी?’

जरा आठवून बघा. आपल्यापैकी बहुतेकांची ब्रँच मेरिट लिस्टने ठरवली. विषय विद्यापीठाने ठरवले, सबमिशनची तारीख सरांनी आणि रात्रीची भाजी मेसवाल्या काकांनी. पुस्तक ही त्यातल्या त्यात अशी गोष्ट आहे, जी आपल्यावर कोणी लादत नाही. पण तिथेही आपण काय करतो? ‘वाचायलाच हवीत अशी दहा पुस्तकं’ छापाची यादी शोधतो! निवड चुकली तर केटी लागत नाही, मार्क कापले जात नाहीत, तरीही निवडायला घाबरतो. माझ्या मते पुस्तक निवडणं हा निर्णय घेण्याचा सगळ्यात स्वस्त सराव आहे. तो याच वयात करून घ्यावा.

डॉ. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांचा मथितार्थ असा, की प्रत्येक वाचकासाठी कुठेतरी एक पुस्तक असतं, तसाच प्रत्येक पुस्तकालाही आपला वाचक असतो. आणि वाचकाचा वेळ वाया जाता कामा नये. नियम ग्रंथालयांसाठी होते, पण आपल्यालाही लागू पडतात. जगात ‘चांगलं पुस्तक’ असं सुटं काही नसतं. या माणसाला, या वेळी चांगलं, असंच ते असतं.

मग आपलं पुस्तक ओळखायचं कसं? मी वापरतो त्या चार कसोट्या सांगतो.

पहिली : यादी घेऊन जाऊ नका, प्रश्न घेऊन जा. घरापासून पहिल्यांदाच लांब आल्यावर जे वाटतं, ते आणखी कोणाला वाटलं असेल का? हाही प्रश्नच आहे. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) गावाकडून पुण्याला शिकायला आलेल्या, होस्टेलवर राहणाऱ्या मुलाची गोष्ट आहे, आणि ती प्रसिद्ध झाली तेव्हा लेखकही पंचविशीतच होता. कोणाला ती आपलीच डायरी वाटते, कोणाला भयंकर कंटाळा येतो. दोघंही बरोबर!

दुसरी : मलपृष्ठावरची स्तुती वाचून भुलू नका. मधलं कुठलंही पान उघडा आणि कपाटापाशी उभ्याउभ्याच दोन पानं वाचा. तिसरं पान आपोआप उलटलं गेलं, तर पुस्तक घरी... म्हणजे रूमवर न्या.

तिसरी : ५० पानं झाल्यावरही जमत नसेल, तर खुशाल मिटून टाका. न आवडलेलं २२५ पानी पुस्तक रेटायला वरच्या हिशेबाने १५ दिवस लागतात. पन्नासाव्या पानावर थांबलात, तर जवळजवळ बारा दिवस वाचले. पुस्तकाचा अपमान वगैरे काही होत नाही. त्याचा वाचक दुसरा आहे, इतकंच.

चौथी कसोटी मात्र तिसरीला लगाम घालणारी आहे. फक्त आवडीचंच वाचत गेलो, तर आपण आपल्याच भोवती फिरत राहू. म्हणून दर पाचवं पुस्तक आपल्याला अजिबात माहीत नसलेल्या आयुष्याचं असावं, आणि ते थोडं जड गेलं तरी पुरं करावं. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) घ्या. किंवा शहरात वाढलेल्याने व्यंकटेश माडगूळकरांची छोटीशी ‘बनगरवाडी’ (१९५५) उघडावी. धनगरांची वाडी, नवखा मास्तर, आणि दुष्काळ पडल्यावर वाडीचं काय होतं याची गोष्ट. उद्या आपल्यातल्याच कोणालातरी अशा एखाद्या वाडीवरून रस्ता न्यायचाय, कालवा काढायचाय. तिथली माणसं आपल्याला फक्त नकाशावरचे ठिपके वाटली, तर ड्रॉइंग बरोबर असूनही काम चुकेल. हे कुठल्याही सेमिस्टरच्या सिलॅबसमध्ये नाही.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, मोबाइलवर दहा मिनिटांत सारांश मिळतो की! मिळतो. पण सारांश म्हणजे दुसऱ्याने सोडवून दिलेलं गणित. उत्तर कळतं, हात मात्र बसत नाही.

ड्युईच्या दशांश वर्गीकरणात इंजिनिअरिंगचा क्रमांक ६२० आणि मराठी साहित्याचा ८९१.४६. आपण रोज ६२० पाशी थांबून परत फिरतो. या शनिवारी चार कपाटं पुढे चालत जा. यादी खिशातच राहू द्या. ८० पैकी पहिलं पुस्तक तुमचं तुम्ही निवडा!