हाताला कळायला वेळ लागतो

माझी आई पुण्यात पेठांमधून घरोघरी बाळ-बाळंतिणींना तेल लावायला जायची. तिच्यामागे पाट आणि तेलाची वाटी घेऊन जाता जाता मी या कामात आले. पुढे पंचकर्म सहायकाचा अभ्यासक्रम केला, स्वीडिश पद्धतही शिकले. नव्याने शिकायला येणाऱ्या मुलींना जे सांगते, तेच इथे लिहिते.

१. दुखलं म्हणजे उतरलं, असं नसतं.
पहिली दोन वर्षं मी नुसता जोर लावायचे. माणसंही म्हणायची, "ताई, अजून दाबा." एका शिक्षिकाबाईंच्या खांद्यावर दुसऱ्या दिवशी काळेनिळे डाग उठले. त्या रागावल्या नाहीत, पण पुन्हा आल्याही नाहीत. तेव्हापासून मी श्वासाकडे लक्ष ठेवते. दाब जास्त झाला की माणूस श्वास धरतो, पायाची बोटं आखडतात. अशा वेळी हात हलका करायचा. श्वास लांब झाला की मगच खोल जायचं.

२. अंगठे जपा.
पन्नाशीत आईला डब्याचं झाकण उघडता येत नव्हतं, इतके अंगठे झिजले होते. टेबलाशेजारी उभं राहून हात सैल सोडला, की मुठीची पेरं टेबलाला टेकली पाहिजेत. तीच तुमच्या टेबलाची उंची. जोर पायांतून आणि कमरेतून येऊ द्या, आणि मोठ्या स्नायूंवर कोपराखालचा सपाट हात वापरा.

३. कुठे हात लावायचा नाही, ते आधी शिका.
सिझेरियन होऊन बारा दिवस झालेल्या एका मुलीच्या घरी मी गेले होते. सासूबाईंनी तिळाचं तेल कोमट करून ठेवलं होतं. मुलगी म्हणाली, "मावशी, डावी पोटरी फार ठणकते, तिथे जरा जास्त चोळा." दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून पाहिले. डावी पोटरी सुजलेली, ताणलेली, हाताला गरम लागणारी. उजवी अगदी नेहमीसारखी. मी तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे चला. सासूबाईंना पटेना, वाताचं दुखणं आहे, चोळलं की जाईल, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत अशी गुठळी होण्याची भीती जास्त असते. चोळताना ती सुटली तर थेट फुप्फुसात जाऊ शकते. एकाच पायाला सूज असेल तर माझ्या मुलींनी तेलाला हातसुद्धा लावायचा नाही. ताप असला, त्वचा फुटलेली असली, टाके ओले असले तरी तेच. वाग्भटांनी अष्टांगहृदयात रोज अभ्यंग करावा, डोकं, कान आणि तळपाय यांना विशेष करून तेल लावावं असं सांगितलं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कफ वाढलेल्याला, अजीर्ण झालेल्याला आणि नुकतंच शोधन, म्हणजे वमन-विरेचन, झालेल्याला अभ्यंग वर्ज्य, हेही त्यांनी तिथेच सांगितलंय. ते कुणी वाचत नाही.

४. खोटं सांगून गिऱ्हाईक जोडू नका.
काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासले की काळं निघतं. "बघा किती उष्णता निघाली" असं म्हणायची पद्धत आहे. मी एकदा तूप लावलेल्या पाटावर तीच वाटी घासली. पाटही काळा झाला. ते काळं वाटीच्या धातूचं. तळपाय घासून झोप चांगली लागते, हे मात्र मी रोज पाहते, आणि तेवढं पुरेसं आहे. कंबर धरलेली असेल तर मालिशने काही दिवस हलकं वाटतं. सरकलेली चकती मी 'बसवून' देते, असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

५. बाळाच्या बाबतीत घरच्यांना शिकवा.
बाळाच्या नाकाकानांत तेल घालायचं नाही, पाय धरून उलटं लोंबकळवायचं नाही. यावर घराघरांत वाद घातलेत मी.

१९८६ साली अमेरिकेत टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी दिवसांच्या बाळांना दहा दिवस, दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं चोळून आणि हातपाय हलवून पाहिलं. मालिश न केलेल्या बाळांपेक्षा त्यांचं वजन रोज ४७ टक्के जास्त वाढलं. मला हे एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. त्यांनीच मला आठव्या महिन्यात जन्मलेल्या एका बाळाच्या आईकडे पाठवलं. बाळ घरी येऊन आठवडा झाला होता, पण दूध पाजण्यापलीकडे त्याला हात लावायची तिला भीती वाटायची. मी तिला पाय पसरून बसवलं, बाळ तिच्या पायांवर ठेवलं आणि तिच्या हातांवर माझे हात ठेवले. अगदी हळू लावलं तर बाळाला गुदगुल्या होतात, ते अंग चोरतं. म्हणून तळहात पूर्ण टेकवून, मांडीपासून खाली, एका लयीत. चौथ्या-पाचव्या वेळी मी माझे हात काढून घेतले. तिला कळलंही नाही. बाळाची आवळलेली मूठ उघडली होती आणि ती मान खाली घालून त्याची बोटं मोजत होती.