कडी, वादी आणि जू : रोमन रथसाजाचा एक धडा

संग्रहालयाच्या कपाटांत काही वस्तू अशा असतात की, त्यांच्यापुढे फारसे कोणी थांबत नाही. मुठीत मावेल एवढी ब्राँझची कडी ही त्यांपैकीच एक. तिच्या खालच्या अंगाला जुवात बसविण्यासाठी खिळा असतो, तर वर कधी एखाद्या प्राण्याचे वा देवतेचे लहानसे मुख घडविलेले असते. रोमन साम्राज्याच्या अनेक प्रांतांत अशा कड्या उत्खननात मिळाल्या आहेत. आमच्या विद्यार्थ्यांना इतिहास शिकविताना आम्ही नेहमी सांगतो की, वस्तू लहान असली तरी तिला विचारलेला प्रश्न मोठा असू शकतो. या लेखात तोच प्रयत्न करू.

प्रथम या कडीचे काम पाहू. रोमन गाडीला बहुधा दोन घोडे किंवा खेचरे जोडीत. गाडीपासून पुढे गेलेल्या दांड्याच्या टोकाला आडवे जू असे. हाकणाऱ्याच्या हातापासून जनावराच्या तोंडापर्यंत जाणारे लगाम मोकळे सोडले, तर ते लोंबतात आणि एकमेकांत गुंततात. म्हणून ते जुवावरील कड्यांतून ओवून नेत. लगामाच्या टोकाला, जनावराच्या तोंडात, धातूची कडियाळी असे. चाक आसावरून निसटू नये म्हणून आसाच्या टोकाशी लोखंडी खीळ घालीत. वाद्या जोडण्यासाठी बकले व कड्या असत आणि शोभेसाठी चकत्या व लोंबते पदर. लाकूड आणि चामडे कुजून जाते, धातू मात्र टिकतो. त्यामुळे मूळ साज कसा होता, हे बऱ्याच अंशी या धातूच्या तुकड्यांच्या जागांवरून आणि शिल्पांतील चित्रणांवरून जुळवावे लागते.

या जुळवाजुळवीतूनच एक मोठा वाद उभा राहिला. फ्रेंच घोडदळातील अधिकारी लफेव्र दे नोएत यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले की, प्राचीन साजातील गळ्याचा पट्टा घोड्याचा श्वास कोंडीत असे, त्यामुळे घोडा जड ओझे ओढूच शकत नसे. इ. स. ४३८ च्या थिओडोसियन संहितेत राज्याच्या वाहतूक सेवेतील गाड्यांना भाराची मर्यादा घातलेली आहे. एका प्रकारच्या गाडीला १,००० रोमन पौंड, म्हणजे सुमारे ३२७ किलो, तर दुसऱ्या प्रकारच्या गाडीला १,५०० पौंड. याचाही त्यांनी आधार घेतला. त्यांचा निष्कर्ष पुढे आणखी लांब गेला : जनावराची शक्ती वापरता येत नव्हती, म्हणून माणसांना गुलाम करावे लागले!

हे म्हणणे बरीच वर्षे मान्य झाले होते. पुढे झाँ स्प्र्युत यांनी प्राचीन साज पुन्हा तयार करून प्रत्यक्ष घोड्यांना जोडले आणि १९७७ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. घोडे गुदमरले नाहीत. आधीच्या मांडणीत दोन निराळ्या जोडणी-पद्धती एकत्र मिसळल्या गेल्या होत्या, हेही त्यांनी दाखविले. राहिली कायद्यातील मर्यादा. सरकारी जनावरे, गाड्या व रस्ते लवकर झिजू नयेत म्हणूनही असा नियम होऊ शकतो. शिवाय, खांद्यावर भार घेणारे उत्तम साज असतानाही अमेरिकेत १८६५ पर्यंत गुलामगिरी टिकलीच. तेव्हा दोष वादीचा नव्हता. माणसाला मालमत्ता मानणारी व्यवस्था माणसांनीच उभी केली होती आणि तिचा भार अवजारावर टाकता येत नाही.

याची सर्वांत बोलकी साक्ष पॉम्पेईजवळच्या चिविता जुलियाना येथील वाड्यात मिळते. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली तो गाडला गेला. तेथील तबेल्याजवळच्या ओवरीत ब्राँझ व कथलाच्या नक्षीने मढविलेला चार चाकांचा समारंभी रथ २०२१ साली सापडला. त्याची छायाचित्रे जगभर पोहोचली. त्याच वर्षी, त्याच परिसरात, सुमारे १६ चौरस मीटरची एक खोलीही उघडकीस आली. उंचावर एक छोटी खिडकी, तीन लाकडी खाटा, त्यांतील एक केवळ १.४० मीटर लांबीची, बहुधा लहान मुलाची. कोपऱ्यात मातीचे रांजण रचलेले. ही गुलामांची खोली असावी, असे संशोधक मानतात. तेथील लाकडी पेटीत धातूच्या व कापडाच्या वस्तू होत्या. त्या घोड्यांच्या साजाच्या असाव्यात. एका खाटेला रथाचा दांडा टेकवून ठेवलेला होता.

ज्यांनी त्या कड्या घासल्या आणि वाद्या दुरुस्त केल्या, ते साजाच्या पेटीशेजारीच झोपत होते. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. रथाचे वैभव मालकाच्या नावे राहिले, मेहनत मात्र अनामिक राहिली.

म्हणून वाचकांना आमचे एवढेच सांगणे : संग्रहालयात गेलात, तर लखलखत्या रथापाशी जरूर थांबा, पण लहान कडीपाशीही थांबा. ती कोणाच्या हाताने घडली आणि कोणाच्या हाताने झिजली, हे मुलांना विचारा. हा प्रश्न ज्याला सुचला, त्याचा इतिहासाचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला असे समजावे.