जुन्या ॲल्युमिनियमच्या होडीची दुरुस्ती व तिचा गाडा

शेतीला जोडधंदा म्हणून तलावात मासेमारी करणाऱ्या कुटुंबास जाळ्याच्या खालोखाल महत्त्वाचे साधन म्हणजे होडी होय. नवी होडी घेणे प्रत्येकास परवडत नाही. त्यामुळे जुनी होडी घेऊन ती डागडुजीने वापरात आणण्याकडे अनेकांचा कल असतो. आपल्या जलाशयांवर लाकडी, लोखंडी पत्र्याच्या व फायबरच्या होड्या अधिक दिसतात. ॲल्युमिनियमची होडी त्या मानाने विरळा. परंतु एखाद्या मच्छीमार संस्थेस किंवा ग्रामपंचायतीस लिलावात अशी जुनी होडी मिळाल्यास ती नीट दुरुस्त कशी करावी, याची माहिती ग्रामकार्यकर्त्यांना असणे इष्ट आहे.

ही धातूची होडी विमानविद्येची देणगी आहे. विमाने बांधणाऱ्या ग्रमन या अमेरिकन कंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ च्या सुमारास, विमानाप्रमाणेच पातळ पत्रे रिव्हेटांनी जोडून ॲल्युमिनियमच्या लहान नावा बनविण्यास सुरुवात केली. ॲल्युमिनियमची घनता लोखंडाच्या सुमारे एक-तृतीयांश असते. म्हणून अशी होडी दोघा-चौघांना उचलता येते, तिला वाळवी लागत नाही आणि लोखंडासारखा तांबडा गंजही चढत नाही.

मात्र हे गुण पाहून एक गैरसमज होतो. आपल्या लोहाराचा व जोडाऱ्याचा हात लोखंडावर बसलेला असतो, आणि लोखंडास जे मानवते ते ॲल्युमिनियमलाही मानवेल असे गृहीत धरले जाते. जुन्या होड्या पुष्कळदा वापराने नव्हे, तर अशा दुरुस्तीने निकामी होतात. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव व कळाशी या गावांदरम्यान सोसाट्याच्या वाऱ्यात प्रवासी होडी उलटून सहा जणांना प्राण गमवावे लागले. वारा आपल्या हाती नाही; परंतु वाऱ्यात सापडलेली होडी सुदृढ असावी आणि पाणी भरले तरी ती तळाशी जाऊ नये, एवढे निश्चितच आपल्या हाती आहे.

ॲल्युमिनियमचे वैरी

बोर्डो मिश्रण करताना मोरचूद लोखंडी बादलीत विरघळवू नये, हे बागायतदारांस ठाऊक आहे. तसे केल्यास मोरचुदातील तांबे बादलीवर बसते आणि लोखंड झिजते. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांस टेकले म्हणजे असाच प्रकार घडतो व त्यांपैकी दुबळा धातू खाल्ला जातो. ॲल्युमिनियम हा लोखंड, तांबे व पितळ या तिहींपुढे दुबळा आहे. म्हणून होडीस लोखंडी खिळा, पितळी स्क्रू किंवा तांब्याची तार लावू नये. तळाशी साचलेल्या पाण्यात पडून राहिलेले तांब्याचे नाणेदेखील पत्र्यास कालांतराने छिद्र पाडू शकते. बोल्ट लागतच असतील तर ते स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत आणि बोल्ट व पत्रा यांमध्ये नायलॉनचा किंवा रबराचा वायसर घालावा.

दुसरा वैरी क्षार. कॉस्टिक सोडा, चुना, ओले सिमेंट व लाकडाची राख ही ॲल्युमिनियमचे संरक्षक पापुद्र्यासह भक्षण करतात. होडी सौम्य साबणाने धुवावी. राखेने घासू नये. लोखंडी तारेच्या ब्रशाने घासल्यास लोखंडाचे कण पत्र्यात रुतून बसतात. त्याऐवजी नायलॉनचा ब्रश वापरावा. रिकाम्या होडीत खताची पोती अथवा मीठ साठविणे हेही तितकेच घातक आहे.

घ्यावी की सोडावी?

होडी विकत घेण्यापूर्वी ती उलटी करून दिवसाच्या उजेडात पाहावी. पुढील बाबी तपासाव्यात:

१. तळाचा कणा सरळ आहे काय? एका टोकाकडून दोरी ताणून धरल्यास बाक दिसून येतो.

२. पांढरी भुकटी व बारीक खड्डे कोठे आहेत? ते एक-दोन ठिकाणी असल्यास चालेल. सर्व तळभर असल्यास पत्रा पातळ झाला आहे असे समजावे व होडी सोडून द्यावी.

३. आतील बरगड्या तुटल्या आहेत काय? आसनांजवळ व मागील बाजूस भेगा पडण्याचा संभव अधिक असतो.

४. यंत्र लावण्याच्या मागील उभ्या फळीत पेचकस टोचून पाहावा. तो सहज आत गेल्यास लाकूड कुजले आहे.

५. होडी तिच्या आकाराच्या मानाने जड वाटते काय? आसनाखालचा जुना फोम पाणी पिऊन राहिलेला असू शकतो.

गळती शोधण्याची रीत

रंग लावणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. आधी गळती शोधावी, मग ती बंद करावी आणि शेवटी रंगाचा विचार करावा. होडी मजबूत घोड्यांवर ठेवावी. आधार कण्याखाली व बरगड्यांखाली असावा. नंतर आत हळूहळू पाणी भरावे. तीन मीटर लांब व एक मीटर रुंद तळावर दहा सेंटिमीटर पाणी भरले तर त्याचेच वजन ३०० किलो होते. म्हणून त्याहून अधिक पाणी भरू नये व भरलेल्या होडीखाली कोणी शिरू नये. बाजूने वाकून, जेथे जेथे थेंब दिसतील तेथे तेथे न पुसणाऱ्या खडूने खूण करावी.

रिव्हेट व भेगा

सैल झालेला रिव्हेट पुन्हा घट्ट करण्यास दोन माणसे लागतात. एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरावा व दुसऱ्याने आतील टोकावर हातोडीचे हलके, नेमके घाव घालावेत. जोराच्या एका घावाने पत्रा ताणला जातो व शेजारचे रिव्हेट सैल होतात. झिजलेला रिव्हेट ड्रिलने काढून त्या जागी एक माप मोठा, भरीव ॲल्युमिनियमचा रिव्हेट ठोकावा. बाजारातील साध्या पॉप रिव्हेटच्या मध्यभागी पोकळी असते, तीतून पाणी झिरपते. आतून हात पोहोचत नसेल तेथे बंद तोंडाचेच पॉप रिव्हेट घ्यावेत. भोकात पॉलियुरेथेनचे जलरोधक लुकण लावूनच रिव्हेट बसवावा. आंबूस वासाचे सिलिकॉन वापरू नये. त्यातील आम्ल पत्र्यास बाधते.

भेग पडली असेल तर तिच्या दोन्ही टोकांना सुमारे तीन मिलिमीटरचे छिद्र पाडावे, म्हणजे ती पुढे सरकत नाही. त्यावर तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमचे, गोल कोपऱ्यांचे ठिगळ लुकण लावून रिव्हेटांनी बसवावे. ठिगळ भेगेच्या चहूबाजूंनी तीन-चार सेंटिमीटर पुढे यावे.

येथे लोहारबंधूंस एक सूचना. लोखंड तापले की लाल होते व त्यावरून उष्णतेचा अंदाज येतो. ॲल्युमिनियम लाल न होताच ६६० अंश सेल्सियसच्या सुमारास वितळते. भट्टीत किंवा गॅसच्या ज्योतीने तापविताना पत्रा दिसता दिसता ढासळतो. वेल्डिंग आवश्यकच असेल तर ते आर्गन वायूच्या साहाय्याने ॲल्युमिनियम जोडणाऱ्या अनुभवी कारागिराकडूनच करून घ्यावे.

लाकूड, रंग व तरंगाऊ भरण

मागील फळीसाठी भारतीय मानक ७१० प्रमाणे बनविलेले सागरी प्लायवूड घ्यावे. कडा व बोल्टची भोके यांस इपॉक्सीचे थर द्यावेत, कारण पाणी तेथूनच शिरते. ताम्रयुक्त औषधाने मुरविलेले लाकूड पत्र्यास लागू देऊ नये.

लोखंडास शेंदराचा पहिला हात देण्याची जुनी रूढी आहे. ॲल्युमिनियमवर शेंदूर लावू नये. त्यातील शिसे पत्र्यास बाधक ठरते. जुना रंग खरवडताना कागद ओला ठेवावा व नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी, कारण त्या रंगातही शिसे असण्याचा संभव असतो. पत्रा स्वच्छ व कोरडा झाल्यावर ॲल्युमिनियमसाठीचा खास प्रायमर व नंतर रंग द्यावा. शेवाळ बसू नये म्हणून मिळणारे तांबेयुक्त रंग वर्ज्य समजावेत. काठ मात्र भडक नारिंगी रंगवावेत. संकटसमयी होडी दुरून दिसते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ॲल्युमिनियमची होडी पाण्याने भरली की तळाशी जाते. तिला तरंगत ठेवते ते आसनांखालील भरण. त्याचा हिशेब सोपा आहे. १०० किलो ॲल्युमिनियमचे पाण्यातील वजन सुमारे ६३ किलो भरते. यंत्र, नांगर इत्यादींचे सुमारे ३० किलो धरावेत. होडीस धरून राहिलेल्या चार माणसांसाठी ४० किलो जमेस धरले म्हणजे बेरीज १३३ किलो होते. एक लिटर भरण जवळजवळ एक किलो भार तोलते. म्हणून किमान १५० लिटर भरण हवे. ते पाणी न पिणाऱ्या, बंद पेशींच्या फोमचे असावे व आसनांच्या पेट्यांत घट्ट बसवावे. साधा थर्माकोल पेट्रोलच्या स्पर्शाने विरघळतो, हे ध्यानी ठेवावे. कुजलेला किंवा भिजलेला फोम काढून पेट्या रिकाम्या सोडणे हा जिवाशी खेळ होय.

आपल्या कामास साजेसे बदल

जाळे अडकू नये म्हणून काठावरील प्रत्येक बोल्टचे टोक झाकावे. तळावर सुटी, उचलता येणारी फळ्यांची जमीन करावी, म्हणजे खालचा चिखल काढता येतो. मासे व जाळी यांच्या पेट्या मध्यभागी व खाली ठेवाव्यात. उभे राहून जाळे फेकण्यासाठी उंच मंच बांधण्याचा मोह टाळावा. भार जितका वर, तितकी होडी लवकर कलंडते. माणसे व माल घेतल्यावर काठ पाण्यापासून किमान दीड वीत वर राहिला पाहिजे. वल्ही, पाणी उपसण्याचे भांडे, दोर, नांगर आणि प्रत्येकास जीवरक्षक जाकीट ही होडीचीच अंगे मानावीत. यंत्र बसविण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय व जलसंपदा या दोन्ही खात्यांच्या कार्यालयांत त्या जलाशयाचे नियम विचारून घ्यावेत.

गाडा

उन्हाळ्यात पाणी हटत जाते व होडी दूरवर न्यावी लागते. ती काळ्या मातीवरून व खडकावरून ओढल्यास एका मोसमात रिव्हेट झिजतात. म्हणून ट्रॅक्टरमागे जोडता येईल असा दोन चाकी गाडा असणे हिताचे आहे. जुना गाडा मिळाल्यास सांगाड्याचे जोड हातोडीने ठोकून पाहावेत. बद्द आवाज आल्यास आतून गंज खाल्ला आहे असे समजावे. चाकांचे बेअरिंग उघडून धुवावेत व नवे ग्रीस भरावे. प्रवासाने तापलेले चाक एकदम थंड पाण्यात गेले की आत पाणी ओढले जाते. म्हणून पाण्यात उतरविण्यापूर्वी गाडा थोडा वेळ थांबवावा आणि दर मोसमात बेअरिंग तपासावेत.

गाड्यावर होडीचा भार कण्यावर व बरगड्यांवर यावा, उघड्या पत्र्यावर नव्हे. गाडा लोखंडी असल्याने प्रत्येक आधारावर जाड रबर बसवावे. होडीसह गाड्याच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा जोडणीच्या दांडीवर पडावा. २०० किलोस २० किलो. भार मागे गेल्यास गाडा रस्त्यावर डुलू लागतो. होडी पुढे व मागे दोन्हीकडे बांधावी, मागे दिवे लावावेत व सार्वजनिक रस्त्यावर नेण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदणीची चौकशी करावी.

पहिली चाचणी

दुरुस्त होडी प्रथम काठाजवळ, कमरेइतक्या पाण्यात, माणसांविना तासभर सोडावी. नंतर ती मुद्दाम पाण्याने भरून तरंगते की नाही हे पाहावे. या चाचणीत उतरलेली होडीच खोल पाण्यात न्यावी. वापर नसताना ती लाकडी ठोकळ्यांवर उलटी ठेवावी. ओली माती किंवा चुन्याची जमीन तिला लागू देऊ नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी मच्छीमार संस्थेच्या बैठकीत ही भरलेल्या होडीची चाचणी प्रत्यक्ष करून दाखवावी. गावचा लोहार, जोडारी व होडी चालविणारे यांस त्या वेळी आवर्जून बोलवावे. पाण्याने भरलेली होडी तरंगताना एकदा डोळ्यांनी पाहिली, म्हणजे आसनाखालचे भरण कोणी अडगळ म्हणून काढून टाकणार नाही.