पेंढ्यावाचून विटा

इंग्रजी भाषेत एक वाक्प्रचार आहे : 'टु मेक ब्रिक्स विदाउट स्ट्रॉ'. शब्दशः अर्थ, पेंढ्यावाचून विटा पाडणे. परीक्षेत हा विचारला की बहुतेक विद्यार्थी लिहितात, 'अपुऱ्या साधनांत युक्तीने काम साधणे', आणि त्याला 'कोंड्याचा मांडा करणे' ही मराठी जोड देतात. कित्येक वर्षे आम्हीही असेच शिकवीत होतो. हे उत्तर अगदीच चूक नाही. पण अर्धे आहे. उरलेला अर्धा भाग वाचकांपुढे ठेवावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

प्रथम उगम पाहू. बायबलच्या जुन्या करारात 'निर्गम' नावाचा ग्रंथ आहे. त्याच्या पाचव्या अध्यायातील ही कथा. हजरत मूसा अलैहिस्सलाम ह्यांनी मिसरच्या फिरऔनाकडे आपल्या लोकांसाठी मोकळीक मागितली. फिरऔन संतापला. विटांसाठी लागणारा पेंढा तोवर सरकारातून मिळत असे. तो त्याने बंद केला. लोकांनी पेंढा स्वतः हुडकावा, मात्र रोजच्या विटांची संख्या एकानेही कमी होता कामा नये, असा हुकूम सुटला. बिचारे लोक धसकटे वेचीत देशभर फिरले. संख्या भरली नाही. मुकादमांना मार बसला, आणि ते दाद मागू लागले तेव्हा 'तुम्ही आळशी आहात' एवढेच उत्तर मिळाले. कुरआन शरीफमध्ये मूसा व फिरऔन ह्यांची हकीकत अनेक ठिकाणी आली आहे. पेंढ्याचा हा प्रसंग मात्र बायबलातला.

आता पेंढा कशाला हवा, असे कोणी विचारील. मिसरच्या त्या विटा नाईलच्या गाळाच्या व उन्हात वाळविलेल्या असत. माती वाळताना आकसते व तडकते. बारीक केलेला पेंढा तिला धरून ठेवतो. खानदेशातील मातीच्या घरांच्या गिलाव्यात भूस कालवितात, त्याचे कारणही हेच.

म्हणजे मूळ कथेत युक्तीचे कौतुक नाही. साधन काढून घेऊन काम तेवढेच मागणाऱ्याच्या अन्यायावर बोट आहे. म्हणूनच हा वाक्प्रचार बहुधा नकारार्थी वाक्यात, नाहीतर तक्रारीच्या सुरात येतो. 'यू कान्ट मेक ब्रिक्स विदाउट स्ट्रॉ' म्हणजे साधनांवाचून काम होणार नाही. आर्थर कॉनन डॉईल ह्यांच्या १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका कथेत शेरलॉक होम्स ह्याच वाक्प्रचाराला मुरड घालतो व पेंढ्याच्या जागी माती घालतो. माहितीवाचून तर्क कसा करावा, असे त्याला म्हणावयाचे असते.

मराठीत ह्याच्या जवळची म्हण 'आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?' ही होय. 'कोंड्याचा मांडा' ह्याचा रोख निराळा. खापरावरचे मांडे करणाऱ्या आपल्या माताभगिनी जाणतात की मांड्याला वस्त्रगाळ पीठ लागते. कोंड्यातून तो साधणाऱ्या गृहिणीची ती स्तुती आहे. एका वचनात करणाऱ्याची वाहवा, दुसऱ्यात मागणाऱ्याला जाब. दोन्ही एक मानले की जाब विसरतो आणि वाहवा तेवढी उरते.

ही चूक आमच्या हातून घडली आहे. लिंबायत भागातील एका विद्यार्थ्याच्या प्रशस्तिपत्रात आम्ही मोठ्या कौतुकाने हाच वाक्प्रचार लिहिला होता. वडील यंत्रमागावर, घर एका खोलीचे, मुलाजवळ शब्दकोश नाही. तरी गुण उत्तम. पुढे त्याने शाळा सोडल्याचे कळले. त्या दिवशी आम्ही तो पाचवा अध्याय पुन्हा वाचला आणि मान खाली गेली. त्याच्या हुशारीवर आम्ही टाळ्या वाजविल्या. त्याला पेंढा कोण देतो, हे विचारले नाही.

ह्याउलट एक उदाहरण आपल्याच शहराशी निगडित आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकर ह्यांनी १८३६ साली मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक झाले, आणि १८४४ साली येथेच दुर्गाराम मेहताजींसह त्यांनी मानवधर्मसभा स्थापन केली. आधाराला फारसे ग्रंथ नसताना त्यांनी स्वतः धसकटे वेचली खरी. पण 'मी वेचली, तुम्हीही वेचा' असे ते म्हणाले नाहीत. त्यांचे पुस्तक पुढच्या पिढ्यांना आयता पेंढा झाले.

आज सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांतून गुजरातीबरोबर मराठी, उर्दू, हिंदी, उडिया व तेलुगू माध्यमांची मुले शिकतात. त्यांच्यात कोंड्याचा मांडा करणारी पुष्कळ आहेत. ती त्यांची थोरवी. परंतु त्यांना कोंडाच द्यावा, हा आपला धर्म नव्हे. वह्या, शब्दकोश, शुल्काची रक्कम, संध्याकाळी अभ्यासाला बसण्यापुरती उजेडाची जागा, हा सारा पेंढाच आहे. आपल्या ट्रस्टने इतकी वर्षे हेच कार्य केले, म्हणून हा महोत्सव शोभून दिसतो.

विद्यार्थ्यांनी वाक्प्रचाराचा अर्थ आता असा लिहावा : 'आवश्यक साधने न देता कामाची अपेक्षा करणे.' आणि आपण वडीलधाऱ्यांनी, कोणाच्या चातुर्याची तारीफ करण्यापूर्वी, त्याच्यापाशी पेंढा आहे की नाही, एवढे पाहावे.