ए, बी, सी आणि पंचेचाळीस मिनिटं

हरियाणातल्या मानेसरला येऊन मला नऊ वर्षं झाली. त्याआधी चाकणला होतो. वाहन उद्योगातली आमच्यासारखी बरीच मराठी कुटुंबं पुण्याकडून इकडे आली आहेत. राष्ट्रीय महामार्ग ४८च्या कडेला, अरवलीच्या पायथ्याशी आयएमटीचे, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीचे, सेक्टर पसरले आहेत. भोवती कासन, नाहरपूर, अलियर ही गावं. तिथल्या भाड्याच्या खोल्यांत हजारो कामगार राहतात. इथे माणसाचं झोपणं, जेवण, मुलांशी बोलणं सगळं तीन अक्षरांवर चालतं: ए, बी, सी. म्हणजे सकाळची, दुपारची आणि रात्रीची शिफ्ट.

लहानपण कोल्हापुरात गेलं, त्यामुळे जोर-बैठका अंगवळणी पडलेल्या होत्या. नोकरी लागली आणि त्या सुटल्या. चौतिसाव्या वर्षी वार्षिक तपासणीत साखर काठावर आली. त्याच महिन्यात सुट्या भागांचा बारा किलोचा क्रेट उचलताना कंबर धरली. तेव्हापासून जे शिकलो ते इथे लिहितो. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या एखाद्याचे दोन-तीन महिने तरी वाचतील.

१. व्यायाम घड्याळाला बांधू नका, झोपेतून उठण्याला बांधा.

पहिलं वर्ष मी ‘रोज सकाळी सहा’ असा नेम धरून वाया घालवलं. दर आठवड्याला शिफ्ट बदलते. सकाळचे सहा म्हणजे एका आठवड्यात कामावर निघायची वेळ, दुसऱ्या आठवड्यात गाढ झोप आणि तिसऱ्या आठवड्यात मशीनसमोर पेंगण्याची वेळ. असा नेम मोडणारच. मग दोष आपल्या आळसाला देतो आणि सोडून देतो.

आता माझी वेळ अशी आहे. ए शिफ्ट असेल तर चारच्या सुमाराला घरी, वीस मिनिटं डोळा लावायचा आणि पाचला जिममध्ये, गर्दीच्या आधी. बी असेल तर सकाळी साडेनऊला. तेव्हा जिममध्ये झाडू मारणारा मुलगा आणि मी, दोघंच असतो. रॅकसाठी थांबावं लागत नाही. सी असेल तर सकाळी घरी येऊन आधी झोप, दुपारी तीनला उठून पोटात काहीतरी आणि मग व्यायाम.

सीहून परस्पर जिमला जायचं नाही. हे मी कंबर देऊन शिकलो. रात्रभर जागून, सात वाजता, ८० किलोची डेडलिफ्ट. तिसऱ्या रेपला पाठीत चमक आली. वजन नेहमीचंच होतं, पण शरीर नेहमीचं नव्हतं. तीन आठवडे वाकता आलं नाही. नाइट आठवड्यात मी वजन दहा टक्के उतरवतो आणि त्याची खंत करत नाही.

२. आठवड्यातून तीन दिवस, आणि प्रत्येक दिवशी सगळं शरीर.

सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी पाय ही सहा दिवसांची वाटणी ज्याचा दिवस हातात आहे त्याच्यासाठी. आपला बुधवार ओव्हरटाइममध्ये गेला की पाय पुढच्या बुधवारपर्यंत तसेच राहतात. सगळं शरीर घेतलं की एक दिवस चुकला तरी काही उपाशी राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शिकेत मोठ्यांसाठी आठवड्याला किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सांगितला आहे. म्हणजे तीन धरले आणि एक बुडाला, तरी आपण रेषेच्या वरच राहतो.

हालचाली चारच: बसून उठणं, जमिनीवरून उचलणं, ढकलणं, ओढणं. स्क्वॉट, डेडलिफ्ट, प्रेस, रो. पंचेचाळीस मिनिटांचा माझा हिशोब सांगतो. सात मिनिटं वॉर्मअप, त्यात रिकाम्या बारवर दोन सेट. मग एका दिवशी स्क्वॉट, पुढच्या दिवशी डेडलिफ्ट. तीन सेट, मध्ये अडीच-तीन मिनिटांची पूर्ण विश्रांती. इथे पंधरा मिनिटं जातात आणि ती जाऊ द्यावीत. नंतर प्रेस आणि रो आलटूनपालटून. ढकलणारे स्नायू काम करतात तेव्हा ओढणारे विसावतात, त्यामुळे विश्रांतीचा वेळ निम्मा होतो. स्क्वॉट आणि डेडलिफ्टची मात्र अशी जोडी लावू नका. दोन्हींत कंबरच थकते. शेवटची दहा मिनिटं सायकल किंवा दोरी.

लाइनवर काम करणाऱ्यांनी रो कधीच सोडू नये. आमच्या लाइनवर ५२ सेकंदांना एक भाग पुढे सरकतो. पूर्ण शिफ्ट तोच हात, तोच खांदा, तसंच पुढे झुकणं. ‘आमचं कामच व्यायाम आहे’ असं पोरं म्हणतात. त्यांच्या कष्टाबद्दल मला आदर आहे, पण ते कष्ट एकाच अंगाने होतात. ओढण्याचा व्यायाम ती एकांगी झीज भरून काढायला मदत करतो.

३. वही ठेवा.

माझ्याकडे दोनशे पानी वही आहे. एका पानावर असं दिसतं: ‘बी शिफ्ट. स्क्वॉट ६०: ८, ८, ७. झोप ६ तास.’ तिन्ही सेटला आठ-आठ झाले की पुढच्या वेळी अडीच किलो चढवायचे. सगळी प्रगती एवढ्यातच आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांचे पाय सावरताना थॉमस डेलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने हाच चढत्या वजनाचा मार्ग वापरला आणि १९४५मध्ये तो मांडला. वही नसेल तर वर्षभर तेच वजन उचलत राहतो आणि आपल्याला कळतही नाही.

आमच्या जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची. दोन्ही बाजूंना लावली की उडी पाच किलोची होते आणि प्रेसमध्ये ती झेपत नाही. मी सव्वा किलोच्या दोन प्लेट विकत घेतल्या. डब्याच्या पिशवीतच असतात. व्यायामावर केलेला माझा सर्वांत सत्कारणी लागलेला खर्च तो.

४. प्रत्येक सेटमध्ये एक-दोन रेप शिल्लक ठेवा. उद्या कामावर जायचं आहे.

५. कार्डिओ हवेचा अंदाज घेऊन.

दिवाळीनंतर दिल्लीच्या या पट्ट्यात सकाळी धावायला बाहेर पडणं मला पटत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर आकडा पाहतो. निर्देशांक ४००च्या वर म्हणजे ‘गंभीर’. मी तर तो २००च्या वर गेला तरी आतच राहतो. खोलीत दोरीच्या उड्या आणि सूर्यनमस्कार. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्याचा आयुष्यभर प्रसार केला, तो व्यायाम दहा बाय दहाच्या खोलीत दम काढतो, हे मी इथे नव्याने अनुभवलं. मे-जूनमध्ये लू वाहते तेव्हाही तेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र बाहेर भरभर चालावं. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, ती गती बरोबर.

त्याच मार्गदर्शिकेप्रमाणे आठवड्याला कार्डिओची किमान १५० मिनिटं भरायची आहेत आणि ती एकदम भरावी लागत नाहीत. १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसचे चालक आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. मी बसथांब्यापर्यंतची बारा मिनिटं जाताना आणि येताना भरभर चालतो. सहा दिवसांचे एकशे चव्वेचाळीस होतात. महामार्गावरच्या खेडकी दौलाच्या कोंडीत दुचाकीवर अडकण्यापेक्षा मनही शांत राहतं. वजनं आणि कार्डिओ एकाच दिवशी असतील तर वजनं आधी.

६. जिमला जाणं जमलंच नाही, त्या दिवसासाठी पंधरा मिनिटांचा डाव तयार ठेवा.

माझा आहे वीस-वीस बैठकांचे पाच आणि दहा-दहा जोरांचे पाच सेट. आमचे घरमालक ताऊ सत्तरीचे आहेत. पहाटे गच्चीवर मुद्गल फिरवतात. मुद्गलाच्या मुठीवरचं लाकूड तळहाताच्या आकाराने खोल झिजलंय. मी जोर मारताना पाहून त्यांनी पहिल्यांदाच आपणहून हाक मारली आणि कोपर कुठे ठेवायचं ते दाखवलं. त्यांचे दंड आणि आमचे जोर एकच.

७. खाण्याचा एकदा हिशोब करा.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने साधारण माणसासाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. वजन उचलणाऱ्याला १.६च्या आसपास लागतात. मी ७२ किलोचा, म्हणजे साधारण ११५ ग्रॅम. कँटीनची दोन वाट्या डाळ १४, चार अंडी २४, शंभर ग्रॅम पनीर १८, अर्धा लिटर दूध १६, पन्नास ग्रॅम सोयाबीन वडी २६, सहा पोळ्या १८. झाले. डबे-पावडर मी कधी आणली नाही. साखर दीड वर्षात काठावरून खाली आली. डॉक्टरांकडे तपासणी मात्र दरवर्षी करतो.

शेवटची विनंती शिफ्ट लावणाऱ्यांना, म्हणजे माझ्यासारख्याच लाइन इन्चार्जना. रोस्टर आदल्या संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. महिनाभर आधी लावा. दोन वर्षांपूर्वी मी ते सुरू केलं तेव्हा माझ्या लाइनवरची चार मुलं जिमला जात होती. आज अकरा जातात.